आधी तू उतर

खानझोडे काकांना फोन केला की ते उचलायचे, पण बोलायचे नाहीत. पलीकडे नुसती पंख्याची घरघर. आपण दोनदा ‘हॅलो’ म्हणायचं, नाव सांगायचं, मग प्रश्न यायचा, "कोणती मंजिरी?"

"अहो काका, पुण्याची. निखिलची बायको."

"निखिल कोणत्या कंपनीत आहे?"

मी मुकाट्याने कंपनीचं नाव सांगायची. मग घसा खाकरून काका म्हणायचे, "हं. बोल आता. काय म्हणून राहिली होती?"

अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये आमची घरं एकाच रस्त्यावर होती, मध्ये फक्त चार घरं. दिवसातून दोनदा मला येता-जाता बघणारा हा माणूस फोनवर माझी उलटतपासणी घ्यायचा. "आवाज कोणाचाही काढता येते आजकाल," असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. मी पुण्याची, माझ्यावर कोणी शंका घेतलेली मला खपत नाही. शंका घेण्याचं काम आमचं.

काका मूळचे नागपूरचे. टेक्ससच्या रिफायनरीत त्यांनी सेफ्टी इंजिनियर म्हणून सगळी नोकरी काढली. तिथे पाटी न वाचणारा माणूस संध्याकाळी घरी पोचेलच असं नसतं, त्यामुळे पाटी वाचणं त्यांच्या अंगात मुरलं होतं. निवृत्त झाल्यावर रिफायनरीतल्या पाट्या संपल्या, तेव्हा त्यांनी शहरातल्या वाचायला घेतल्या. लिफ्टमध्ये किती माणसं मावतात, गेट कधी बंद होतं, कुत्र्याला कुठे न्यायचं नाही. माझ्या मुलीच्या, ईराच्या, वाढदिवसाला स्विमिंग पूलवर पोरं पाण्यात उड्या मारायला टपलेली, आणि काका भिंतीवरचे नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यांदा वाचत उभे. वाचून झालं की वळून विचारायचे, "पाटी वाचली का?" हा प्रश्न ते इतक्या वेळा विचारायचे की पोरं त्यांना मागून ‘पाटी काका’ म्हणायची.

संशय घेण्यात ते भेदभाव करत नसत. दुकानात दुधाचा कॅन फळीच्या मागून काढायचे, कारण पुढचे ‘मुद्दाम पुढे ठेवलेले’ असतात. हवामान खात्यावर विश्वास नाही, डॉक्टरांवर नाही, मराठी मंडळाच्या कमिटीवर तर मुळीच नाही. गणपतीत ताटात मोदक पडला की म्हणायचे, "उकडीचे म्हणते हा, पण उकडताना पाहिलं का कोणी?" आणि मग दोन जास्तीचे घ्यायचे. गाडीला कुलूप लावलं की दहा पावलं चालायचे, थांबायचे, परत येऊन हँडल ओढून बघायचे. थंडी असो, ह्यूस्टनकडचा घामट उन्हाळा असो, दहा पावलं आणि परत. अंगात कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खिशाला निळं पेन.

असा माणूस लोकांना नकोसा व्हायला हवा होता, पण आमच्या भागात नवीन आलेल्या प्रत्येक मराठी घराला पहिला नंबर काकांचाच मिळायचा. कारण सरकारी कामं. सोशल सिक्युरिटी, गाडीचं लायसन्स, मुलांचा पासपोर्ट, इमिग्रेशनच्या ऑफिसातले बोटांचे ठसे, यातलं कुठलंही काम असलं की काका फॉर्म भरून देत, तो तीनदा तपासत, तीन झेरॉक्स काढत आणि स्वतःच्या गाडीतून ऑफिसापर्यंत नेत. आभार मानायला गेलं तर चिडायचे. "भरवसा कागदावर ठेवायचा. माणसाचा काय भरवसा?" असं म्हणून फाईल हातात द्यायचे.

आम्ही एच-वन व्हिसावर होतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत आमचं नाव लागून वर्षं लोटली होती आणि रांग काही हलत नव्हती. अशा माणसाला या देशात एकच गोष्ट जपायची असते, ती म्हणजे कोरी पाटी. कुठे केस नको, पोलिसात नाव नको, साधा सिग्नलही तोडायचा नाही. एक डाग पडला की बारा वर्षं पाण्यात. मी हे घोकतच जगत होते, त्यामुळे काकांचा संशयीपणा मला एका बाजूने पटायचाही.

पण त्यांच्या गाडीत बसायला लागल्यापासून मला त्यांचाच संशय यायला लागला.

ड्रायव्हरच्या सीटखाली एक लहान लोखंडी पेटी होती, जाड तारेने सीटच्या पायाला बांधलेली. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, हे काय?"

"कागद."

कागदाला तारेने कोण बांधतं? घरी येऊन निखिलला सांगितलं, तर तो म्हणाला, "बाटली असेल यार. काकूंपासून लपवत असतील." मला ते पटेना. मी सोन्यापर्यंत पोचले.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. काका मला गाडीत एकटीला कधीच बसू देत नसत. पेट्रोल भरायचं असलं तरी, कोपऱ्यावर पत्र टाकायचं असलं तरी, गाडी थांबली की पहिलं वाक्य, "आधी तू उतर." मी उतरायचं, मग ते उतरणार, मग कुलूप. ईरा कडेवर झोपलेली, डांबर तापून चपलेला चिकटतंय, आणि मी पंपाशेजारी उभी. एकदा मी म्हटलं, "काका, दोन मिनिटांचं तर काम आहे, मी बसते ना एसीत."

"नाही. आधी तू उतर."

यातून मी जो अर्थ काढायचा तो काढला. या माणसाचा माझ्यावर विश्वास नाही. मी ती पेटी उघडेन, अशी त्याला भीती आहे.

ईराच्या पासपोर्टसाठी पोस्टात जायचं होतं तेव्हाची गोष्ट. तिचा जन्म इथलाच, तिचं काम सोपं होतं. पोस्टाचं पार्किंग निम्मं रिकामं. काका मात्र पुढे गेले, चौक ओलांडला आणि समोरच्या डोनटच्या दुकानाबाहेर गाडी लावली. त्या पार्किंगवर ‘फक्त गिऱ्हाइकांसाठी’ अशी पाटी होती, म्हणून आत जाऊन एक डोनट घेतला. स्वतःला डायबिटीस, म्हणून तो ईराच्या हातात दिला. मग भर दुपारी तो सहापदरी रस्ता चालत ओलांडून आम्ही पोस्टात आलो, तोवर ईराच्या फ्रॉकचा सगळा पुढचा भाग साखरेने माखला होता.

"काका, इथे एवढी जागा रिकामी होती!" मी फणकारले.

"पाटी वाचली का?"

दाराजवळ एक लांबलचक पाटी होती खरी, बारीक अक्षरांची. मी वाचली नाही. अशा पाट्या कोण वाचतं? इमिग्रेशनच्या ऑफिसलाही तेच. तीन ब्लॉक अलीकडे गाडी, पुढे पायपीट. मी मनात म्हटलं, हट्टी म्हातारा आहे झालं.

मग तो दसरा आला.

काकूंकडे दसऱ्याला दहा-बारा घरं जमायची. त्यांच्या परसात ऑर्किड ट्री म्हणतात ते झाड आहे. त्याची पानं थेट आपट्यासारखी जोडपानं, त्यामुळे आमचं सोनं तिथून यायचं. पाटावर लाल कापड, त्यावर काकांचं जुनं रिफायनरीचं हेल्मेट, पाने-पकडी, पोरांचे लॅपटॉप, कोणाचा स्टेथोस्कोप, विळी. आणि मधोमध ती पेटी, उघडी. आत काळं पिस्तूल.

मी एक पाऊल मागे सरले. पण आजूबाजूला सगळे गप्पा मारत होते, कोणालाच त्याचं काही नव्हतं. टेक्सस आहे, असायचंच. काकूंनी हळदी-कुंकवाची कोयरी माझ्या हातात दिली. "तू वाह गं या वर्षी. सगळ्यांना लाव."

मी हेल्मेटला लावलं, विळीला लावलं, आणि पेटीकडे बोट नेलं, तोच काकांनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट. "तू नको! हात लावू नको त्याला!"

एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, हे सोवळं-ओवळं काढतायत की काय? चार बायकांत माझ्या पाळीचं विचारतायत की काय? कोयरी तिथेच पाटावर ठेवून मी घरी निघून आले.

निखिलने रात्री जेवताना फोनवर शोधलं आणि त्याचा घास हातातच राहिला. आमच्यासारख्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक जवळ बाळगणं हा इथे गुन्हा आहे. मनगट का धरलं ते कळलं, पण त्याने माझा राग उतरला नाही, उलट भडकला. म्हणजे वर्षानुवर्षं हा माणूस मला त्या पेटीशेजारी बसवून सरकारी ऑफिसं हिंडवत होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात. "तुम्ही मला त्या गाडीतून इमिग्रेशनच्या ऑफिसात नेलंत?"

"ऑफिसात नाही नेलं. तीन ब्लॉक अलीकडे नेलं. पुढे आपण चालत गेलो."

"हे काय उत्तर झालं?"

काकांनी मला खुर्ची दिली आणि रिफायनरीत नवीन पोरांना शिकवावं तसं शिकवायला लागले. "हे पाह. टेक्ससमध्ये स्वतःच्या गाडीत, झाकून ठेवली तर चालते. पण पोस्टाचं आवार टेक्ससचं नाही, फेडरल सरकारचं. तिथे बिल्डिंगीत नाही, आणि पार्किंगमध्येही नाही. पेटीत असो, कुलपात असो, गाडीतून काढली नसो, तरी नाही. पाटीवर लिहून आहे. बाकीच्या ऑफिसांचे नियम वेगवेगळे, म्हणून मी कोणाच्याच आवारात लावत नाही. कोर्टात भांडणं चालू राहतात यावर. भांडू दे ज्यांना भांडायचं ते. आपण लाइनीत उभे राहणारे लोक."

"आणि मी? व्हिसावरचा माणूस?"

"तुला तर कुठेच नाही."

"मग मला का बसवलंत?"

"तू माझ्यासोबत होती ना? मी गाडीत आहे तोवर ती माझी."

मला ही वकिली पळवाट वाटली. मी तसं तोंडावर म्हटलं. तेव्हा काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अगं, ती माझ्यामुळे आहे." खूप वर्षांपूर्वी, भर दुपारी, काका पेट्रोलचे पैसे द्यायला आत गेले होते आणि काकू गाडीत एकट्या होत्या. एक माणूस शेजारच्या सीटवर येऊन बसला आणि त्यांच्या गळ्याला चाकू लावला. मंगळसूत्र घेऊन गेला, बाकी काही केलं नाही. "तेव्हापासून ती पेटी नसली तर माझ्याने गाडीत बसवत नाही. हे कधी चालवणार नाहीत, मला माहीत आहे. पण असलेली बरी वाटते."

काकूंचं मला वाईट वाटलं. काकांना मात्र मी माफ केलं नाही. आमचं सगळं पणाला लागलेलं यांना माहीत होतं, तरी सांगितलं नाही, हे माझ्या मनातून जाईना. मी त्यांच्या गाडीत बसणं बंद केलं. रस्त्यात दिसले तर मी ‘काय काका’ म्हणायची आणि पुढे जायची. तेही थांबत नसत.

अडीच-तीन वर्षं अशीच गेली. काकांचं विसरणं वाढल्याचं कानावर यायचं. फोनवरची उलटतपासणी आता खरीच होती म्हणे; कोणती मंजिरी, हे त्यांना कधीकधी ठाऊक नसायचं. गेल्या वर्षी हिवाळ्यात त्यांचा मुलगा दोघांनाही आपल्याकडे घेऊन गेला. त्याआधी मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याच वर्षीच्या दसऱ्यानंतरच्या आठवड्यात.

सकाळी अकराला काकूंचा फोन आला. "मंजिरी, हे पोस्टात गेलेत दोन तासांपूर्वी. फोन घरीच आहे. मला गाडी येत नाही गं."

"काकू, पेटी?"

"गाडीतच असते. या दसऱ्याला त्यांनी ती उघडलीच नाही. बंदच पाटावर ठेवली. मी म्हटलं उघडा, तर माझ्यावरच ओरडले."

त्याच वर्षी रांगेतली आमची तारीख आली होती. मेडिकल झालं होतं, कागद गेले होते, कार्ड कधीही येईल अशी स्थिती. निखिल ऑफिसच्या कामाला डॅलसला. ईरा शाळेत, घरी मी एकटीच. न जाण्याची शंभर कारणं होती, आणि मी गाडीची किल्ली शोधत होते.

काकांची राखाडी गाडी पोस्टाच्या पार्किंगमध्ये होती, अगदी आतल्या बाजूला, दाराशेजारी. इंजिन चालू, ड्रायव्हरचं दार उघडं. आणि काका त्या लांबलचक पाटीपुढे काठी टेकून उभे राहून, एकेका ओळीखाली बोट धरून ती मोठ्यांदा वाचत होते. शेवटच्या ओळीपर्यंत आले की पुन्हा पहिल्यापासून. शब्द सगळे बरोबर होते. त्यांचा अर्थ मात्र आतपर्यंत पोचत नव्हता.

पोस्टातली एक बाई बाहेर आली. "हे तुमच्या ओळखीचे आहेत का? अर्धा तास झाला. मी आता कोणाला तरी बोलावणारच होते."

"माझे काका आहेत," मी म्हटलं. "घेऊन जाते."

मग मी ती पाटी वाचली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पार्किंगही त्यात होतं, गाडीत ठेवणंही होतं, काका म्हणाले तसंच.

पोलीस आले असते तर काकांचं काय झालं असतं, ते त्या पाटीवर होतं. मी गाडीला हात लावला तर माझं काय होईल, ते मला पाठ होतं. गाडी तिथेच सोडून त्यांना माझ्या गाडीतून नेलं असतं, तर पेटी सरकारच्या आवारातच राहिली असती. काकांच्या हातात स्टिअरिंग देण्याचा प्रश्नच नव्हता. देवाचं नाव घेतलं, काकांना शेजारी बसवलं आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पाय मागे घेतला की टाचेला पेटी लागत होती.

चौक ओलांडायला तीन मिनिटं लागली असतील. त्या तीन मिनिटांत मला मागे दोनदा पोलिसाची गाडी दिसली. दोन्ही वेळा ती दुसरीच कोणाची तरी पांढरी गाडी होती. डोनटच्या दुकानाबाहेर गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि मान टेकून डोळे मिटले.

शेजारून आवाज आला, "आधी तू उतर."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मी कोण हे त्यांना त्या क्षणी माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. पण दार उघडायची त्यांची घाई चालली नव्हती. मी उतरेपर्यंत ते हलणार नव्हते.

आणि तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं हा माणूस मला उन्हात उभी करत होता ते पेटी जपायला नाही. ते उतरले आणि मी मागे राहिले, तर पेटी माझ्या ताब्यात आली असती. तेवढी दोन मिनिटंही ते मला त्या पेटीबरोबर एकटी सोडत नव्हते. ‘मी गाडीत आहे तोवर ती माझी’ ही पळवाट नव्हती. मी उतरले. रडूच आलं मला, पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर.

काका गाडीला वळसा घालून आले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले, खाली वाकले. बोटांना आकडे आठवत होते. चार वेळा टिकटिक झाली आणि झाकण उघडलं. मी हात पाठीमागे बांधून चार पावलं लांब उभी.

पेटीत पिस्तूल नव्हतं. कागद होते.

काकांनी वरचा कागद उचलला आणि पाटी वाचावी तसा मोठ्यांदा वाचला. "सदर शस्त्र दुकानदारास परत विकले आहे. पावती सोबत जोडली आहे. कारण, मला विसरायला होत आहे व गाडीत लोक बसतात. सौ.ला सांगू नये, ती गाडीत बसणार नाही. पेटी जागेवरच ठेवावी." खाली सही. मागे पावती, आणि दोन्हींच्या तीन-तीन झेरॉक्स.

त्यांनी कागद उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला. मग माझ्याकडे संशयाने बघत विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"तुम्हीच, काका."

"तू कशावरून म्हणून राहिली? पाहिलं का मला लिहिताना?"

त्यांनी पाकिटातून लायसन्स काढलं, त्यावरची सही कागदावरच्या सहीशेजारी धरली, अक्षर अक्षर जुळवलं. बराच वेळ गेला. "हं," ते म्हणाले. "आहे." मग एक झेरॉक्स वेगळी काढून माझ्यापुढे धरली. "ही तुझ्या फायलीत लाव. माझा काही भरवसा नाही आता."

मी ती घेतली. अजून आहे, ग्रीन कार्डाच्या कागदांच्या मागे.

"आणि इथे फक्त गिऱ्हाइकांसाठी आहे," काका म्हणाले. "पाटी वाचली का? जा, एक डोनट घेऊन ये."

मी आत गेले. काउंटरवर उभी राहून काचेतून बाहेर पाहिलं. काकांनी पेटी सीटखाली सारली, गाडीला कुलूप लावलं, काठी टेकत दहा पावलं दुकानाच्या दिशेने आले, थांबले, आणि हँडल ओढून बघायला परत गेले.